नोंदवहीपासून निर्णयापर्यंत : जोखीम व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर आणि संस्थेचे धोरण

प्रस्तावना

संस्थेपुढच्या जोखमी नोंदवणे, त्यांचे मोजमाप करणे, त्यांवर लक्ष ठेवणे आणि वरिष्ठांपर्यंत अहवाल पोहोचवणे ही कामे ज्या संगणक प्रणालीतून होतात, तिला जोखीम व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर म्हणतात. आयबीएम ओपनपेजेस, आर्चर, मेट्रिकस्ट्रीम, एसएपी जीआरसी ही या क्षेत्रातली परिचित नावे. उत्पादने वेगवेगळी असली तरी गाभा सारखाच असतो. मध्यभागी जोखीम नोंदवही, म्हणजे रिस्क रजिस्टर. तिला जोडून नियंत्रणांची यादी, घडलेल्या घटना व नुकसान यांची नोंद, आगाऊ इशारा देणारे निर्देशक, लेखापरीक्षणातील त्रुटींचा पाठपुरावा आणि संचालक मंडळासाठी डॅशबोर्ड. यांतले बहुतेक काम स्प्रेडशीटवरही करता येते. मग मोठा खर्च करून घेतलेली प्रणाली संस्थेला नेमके काय देते, आणि ते पदरात पडण्यासाठी संस्थेने काय करायला हवे, हा या ग्रंथाचा विषय आहे.

ही प्रणाली बहुतेक संस्थांमध्ये आली ती कायद्याच्या दारातून. अमेरिकेत एन्रॉन आणि वर्ल्डकॉम कोसळल्यानंतर २००२ मध्ये सार्बेन्स-ऑक्सली कायदा झाला, आणि अंतर्गत नियंत्रणे कागदोपत्री सिद्ध करणे कंपन्यांवर बंधनकारक झाले. २००४ च्या बासेल-२ चौकटीने बँकांना कामकाजातील जोखमीसाठीही भांडवल राखायला लावले. भारतात कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३४ नुसार संचालक मंडळाच्या अहवालात जोखीम व्यवस्थापन धोरणाविषयी निवेदन द्यावे लागते. सेबीच्या २०१५ च्या सूचिबद्धता नियमांनी जोखीम व्यवस्थापन समितीची अट आधी बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्यांना लावली, ती पुढे ५०० पर्यंत आणि २०२१ मधील दुरुस्तीने १,००० पर्यंत वाढवली. ही समिती वर्षातून किमान दोनदा भरलीच पाहिजे. इतक्या अटी पाळायच्या म्हटल्यावर पुरावा जपून ठेवणारी यंत्रणा लागणारच होती, आणि सॉफ्टवेअरची खरेदी प्रामुख्याने त्यासाठीच झाली.

याचा एक परिणाम सर्वत्र दिसतो. नोंदवही भरली जाते ती समितीच्या बैठकीआधी किंवा ऑडिट तोंडावर आल्यावर. विभागप्रमुख मागच्या तिमाहीची नोंद उघडतात, तारीख बदलतात, ‘देखरेख चालू’ असा शेरा मारतात आणि मंजुरीसाठी पुढे पाठवतात. तपासणीत त्रुटी निघत नाही. पण त्याच तिमाहीत नवा कारखाना उभारायचा की नाही, कोणत्या ग्राहकाला किती उधारी द्यायची, कोणता पुरवठादार ठेवायचा, असे निर्णय झालेले असतात आणि त्या वेळी नोंदवही कोणीही उघडलेली नसते. अशा संस्थेत प्रणाली हा अनुपालनाचा खर्च असतो. तो टाळता येत नाही हे खरे; पण त्यातून धोरणाला काही मिळत नाही.

जोखीम व्यवस्थापनाच्या मान्यताप्राप्त चौकटींनी ही उणीव ओळखली आहे. आयएसओ ३१००० हे मानक २००९ मध्ये आले आणि २०१८ मध्ये सुधारले गेले. त्यात जोखमीची व्याख्याच संस्थेच्या उद्दिष्टांशी बांधलेली आहे : अनिश्चिततेचा उद्दिष्टांवर होणारा परिणाम म्हणजे जोखीम. उद्दिष्टच सांगितलेले नसेल तर जोखमीची नोंद अधांतरी राहते. अमेरिकेतील कोसो या संस्थेने २००४ ची आपली चौकट २०१७ मध्ये नव्याने मांडली आणि तिच्या नावातच धोरण व कामगिरी यांना जागा दिली. या विचाराला धरून धोरणात्मक मूल्याची एक साधी कसोटी लावता येते. प्रणालीतील माहितीमुळे एखादा महत्त्वाचा निर्णय बदलला, किंवा तोच निर्णय प्रतिस्पर्ध्यांच्या आधी घेता आला, तर प्रणालीने मूल्य दिले. पुढील सर्व विवेचन या कसोटीला धरून आहे.

‘आधी’ या शब्दाला किती वजन आहे, हे २००० सालच्या एका आगीतून दिसते. १७ मार्चच्या रात्री अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात वीज कोसळली, विद्युत पुरवठ्यात चढउतार झाले आणि अल्बुकर्क शहरातील फिलिप्सच्या चिप कारखान्यात आग लागली. ती दहा मिनिटांत विझलीही. मात्र धूर आणि पाणी यांमुळे धूळमुक्त कक्ष दूषित झाले आणि चिपचे उत्पादन बंद पडले. नोकिया आणि एरिक्सन हे या कारखान्याचे दोन मोठे ग्राहक. उशीर आठवडाभराचा असेल, असे फिलिप्सने दोघांनाही कळवले. मालाच्या आवकीत काहीतरी बिघडले आहे, हे नोकियाच्या पुरवठा नियोजनाच्या प्रणालीत हा निरोप येण्याआधीच दिसू लागले होते. कंपनीने त्या कारखान्यातून येणारे सुटे भाग विशेष देखरेखीच्या यादीत टाकले, फिलिप्सकडे रोज चौकशी सुरू केली, आणि उशीर महिन्यांवर जाणार हे उघड होताच वरिष्ठांनी थेट फिलिप्सच्या इतर कारखान्यांची क्षमता मागून घेतली. काही भागांची रचना बदलून ते दुसऱ्या पुरवठादारांकडूनही घेतले. एरिक्सनमध्ये हीच बातमी खालच्या पातळीवर अडकून राहिली. खर्च कमी करण्यासाठी पर्यायी पुरवठादार आधीच बंद केलेले असल्याने नंतर धावपळ करूनही माल मिळाला नाही. कंपनीची सुमारे ४० कोटी डॉलरची विक्री बुडाली. इतर कारणांचीही भर पडून २००१ मध्ये तिचा मोबाइल हँडसेटचा व्यवसाय सोनीबरोबरच्या भागीदारीत गेला. त्यानंतर एरिक्सनने पुरवठादारांची जोखीम तपासण्याची स्वतंत्र कार्यपद्धती आणि मूल्यमापनाची साधने उभी केली. दोन्ही कंपन्यांना मिळालेली बातमी एकच होती. नोकियात ती ठरलेल्या वाटेने निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोहोचली, एरिक्सनमध्ये पोहोचली नाही.

अशी वाट नोंदवहीतल्या एका ओळीपासून सुरू होते. तारापूर किंवा वेर्णा येथील औद्योगिक वसाहतीतली औषधे बनवणारी एखादी मध्यम आकाराची कंपनी उदाहरणादाखल घेता येईल. तिच्या नोंदवहीत ‘पुरवठा साखळीतील अडथळे, तीव्रता मध्यम, देखरेख चालू’ अशी नोंद असेल, तर ती वाचून कोणालाही काहीही करता येणार नाही. हीच नोंद नीट लिहायची तर अमुक गोळीसाठी लागणारा मध्यवर्ती रासायनिक घटक चीनमधल्या एकाच कारखान्यातून येतो, हे आधी नमूद करावे लागते. त्या गोळीचा विक्रीतला वाटा किती, हातातला साठा किती दिवस पुरेल, जहाज बंदरात अडकण्याचा काळ किती दिवसांवर गेला की इशारा द्यायचा, इशारा कोणाला जायचा आणि त्याने काय करायचे, हे सारे त्यात असावे लागते. शिवाय औषधाच्या कच्च्या मालाचा स्रोत ऐनवेळी बदलता येत नाही. नव्या मालाची प्रत तपासणे, त्यापासून बनवलेल्या औषधाच्या टिकाऊपणाच्या चाचण्या घेणे आणि नियामकाची मान्यता मिळवणे यांत बराच काळ जातो. त्यामुळे ‘दुसरा पुरवठादार थोडा महाग असला तरी आजच मान्य करून ठेवायचा का’ हा प्रश्न या नोंदीतून आपोआप उभा राहतो. हा प्रश्न धोरणाचा आहे. २०२० च्या सुरुवातीला चीनमधील पुरवठा विस्कळीत झाला आणि भारत सरकारने ३ मार्च रोजी पॅरासिटामॉलसह २६ औषधी घटक व औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. ज्या कंपन्यांनी हा प्रश्न आधीच सोडवला होता, त्यांच्या हाती पर्याय होते.

नोंदीनंतर येते मोजमाप. जवळपास प्रत्येक प्रणालीत शक्यता आणि परिणाम यांना एक ते पाच गुण देऊन त्यांचा गुणाकार करतात, आणि हिरव्या, पिवळ्या, लाल चौकटींचा तक्ता तयार होतो. हा तक्ता डोळ्यांना सोपा वाटतो, पण त्यात एक मूलभूत दोष आहे. ज्वलनशील द्रावणाच्या टाकीला आग लागण्याची शक्यता एक आणि परिणाम पाच धरला, तर गुण पाच होतात. ट्रक तासभर उशिरा येण्याची शक्यता पाच आणि परिणाम एक धरला, तरी गुण पाचच. पहिल्या घटनेत माणसे दगावू शकतात आणि कारखाना कायमचा बंद पडू शकतो. दुसरी दर आठवड्याला घडते आणि कोणाच्या लक्षातही राहत नाही. तक्त्यात मात्र दोघींचे गुण सारखे. हे गुण फक्त क्रम सांगतात, प्रमाण सांगत नाहीत, म्हणून त्यांचा गुणाकार करून मिळणाऱ्या आकड्यावर भांडवली खर्चाचा निर्णय उभा करणे धोक्याचे आहे. चांगल्या प्रणालीत याहून पुढे जाता येते. नुकसान कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, ते वर्षातून किती वेळा होऊ शकते, याचे अंदाज जाणकारांकडून पल्ल्याच्या रूपात घ्यायचे आणि माँटे कार्लो पद्धतीने संगणकाकडून हजारो काल्पनिक वर्षे चालवून घ्यायची. त्यातून ‘दहा कोटींहून अधिक नुकसान होण्याची शक्यता किती’ अशा प्रश्नाला उत्तर मिळते. विमा किती घ्यायचा, अग्निशमनावर किती खर्च करायचा, राखीव निधी किती ठेवायचा, हे निर्णय अशाच उत्तरावर घेता येतात. प्रत्येक जोखमीसाठी हा खटाटोप गरजेचा नाही. संस्थेचे अस्तित्व ज्यांवर अवलंबून आहे, अशा मोजक्या जोखमींसाठी मात्र तो करायलाच हवा.

मोजमाप कितीही चांगले असले तरी आत जाणारी माहिती अपुरी असेल तर सगळे वाया जाते. पंजाब नॅशनल बँकेने १४ फेब्रुवारी २०१८ रोजी मुंबईच्या फोर्ट भागातील ब्रॅडी हाउस शाखेतील सुमारे ११,४०० कोटी रुपयांच्या अनधिकृत व्यवहारांची माहिती जाहीर केली. परदेशी बँकांना पाठवली जाणारी हमीपत्रे स्विफ्ट या संदेश प्रणालीतून जात होती, आणि ती प्रणाली बँकेच्या मुख्य कोअर बँकिंग प्रणालीला जोडलेली नव्हती. त्यामुळे एका यंत्रणेत उभी राहणारी देणी दुसरीत दिसतच नव्हती. स्विफ्टच्या संभाव्य गैरवापराविषयी ऑगस्ट २०१६ पासून किमान तीनदा बँकांना सावध केले होते, असे रिझर्व्ह बँकेने नंतर सांगितले. पुढच्या वर्षी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत याहून वेगळा प्रकार उघडकीस आला. एकाच बांधकाम उद्योगसमूहाला दिलेले कर्ज बँकेच्या एकूण कर्जाच्या सत्तर टक्क्यांच्या वर गेले होते, आणि ते झाकण्यासाठी एकवीस हजारांहून अधिक बनावट कर्जखाती दाखवली गेल्याचे तपासात पुढे आले. पहिल्या प्रकरणात माहिती जोडलेली नव्हती, दुसऱ्यात ती खोटी होती. वरवरचा डॅशबोर्ड दोन्ही ठिकाणी हिरवाच दिसला असता. म्हणून जोखीम प्रणाली लेखा, खरेदी, मनुष्यबळ, तक्रार निवारण आणि विमा या मूळ प्रणालींना थेट जोडणे आणि त्यांतील आकड्यांचा मेळ स्वतंत्रपणे घालत राहणे, हे काम सॉफ्टवेअरच्या निवडीपेक्षाही महत्त्वाचे ठरते.

हे काम सोपे नाही. २००८ च्या आर्थिक संकटात लेहमन ब्रदर्स कोसळली तेव्हा तिच्याकडून आपले एकूण येणे किती, हे अनेक मोठ्या बँकांना लवकर सांगता आले नाही. त्यावरून धडा घेऊन बासेल समितीने जानेवारी २०१३ मध्ये जोखीमविषयक माहिती एकत्र करण्याची १४ तत्त्वे प्रसिद्ध केली. जगातील सर्वांत मोठ्या बँकांना त्यासाठी २०१६ पर्यंतची मुदत होती. नोव्हेंबर २०२३ मधील आढाव्यात मात्र ३१ बँकांपैकी दोनच बँका सर्व तत्त्वांची पूर्ण अंमलबजावणी करत असल्याचे आढळले. एवढा पैसा आणि मनुष्यबळ असलेल्या संस्थांची ही स्थिती असेल, तर माहिती जोडण्याच्या कामाला इतर संस्थांनीही खरेदीच्या अंदाजपत्रकात मोठा वाटा राखणे शहाणपणाचे आहे.

माहिती नीट असेल आणि इशारेही वेळेवर मिळत असतील, तरी मूल्य मिळेलच असे नाही. अमेरिकेतील जेपी मॉर्गन चेस या बँकेच्या एका विभागाने २०१२ मध्ये पतसंबंधित डेरिव्हेटिव्हच्या व्यवहारांत किमान ६.२ अब्ज डॉलर गमावले. जोखीम मोजणारे नवे प्रतिमान एक्सेलच्या अनेक पानांवर चालत होते, आकडे हाताने एका पानावरून दुसऱ्या पानावर चिकटवले जात होते, आणि एका सूत्रात सरासरीने भागायच्या जागी बेरजेने भागले गेले होते. त्यामुळे जोखीम प्रत्यक्षापेक्षा कमी दिसत होती. तरीही इशाऱ्यांची वाण नव्हती. अमेरिकी सिनेटच्या उपसमितीच्या अहवालानुसार त्या वर्षीच्या पहिल्या चार महिन्यांतच विभागाच्या जोखीम मर्यादा ३३० हून अधिक वेळा ओलांडल्या गेल्या. प्रत्येक वेळी इशारा उमटला. व्यवहार मात्र थांबले नाहीत. एक मर्यादा तात्पुरती वाढवण्यात आली, आणि नव्या प्रतिमानाने जोखमीचा आकडाच कमी दाखवला.

या प्रकरणामुळे जोखीम स्वीकारण्याच्या मर्यादेचा प्रश्न पुढे येतो. उद्दिष्ट गाठण्यासाठी संस्था किती जोखीम पत्करायला तयार आहे, हे संचालक मंडळाने आधी ठरवावे लागते. ‘संस्था सावध धोरण स्वीकारते’ या वाक्यातून प्रणालीला काहीही मोजता येत नाही. ‘कोणत्याही एका ग्राहकाचा विक्रीतील वाटा २० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही’ असे म्हटले की ते मोजता येते आणि अडवताही येते. मर्यादा ओलांडली गेल्यास निर्णय कोणाचा, किती दिवसांत, आणि मर्यादा वाढवायचीच असेल तर ती कोणाच्या सहीने, हेही प्रणालीतच बांधलेले असावे. मर्यादा वाढवण्याची प्रत्येक नोंद कारणासह समितीपुढे आपोआप जाते, तेव्हा गुपचूप सूट देणे अवघड होते. प्रणाली विकत घेण्याचे हे एक सबळ कारण आहे, कारण स्प्रेडशीटमधली मर्यादा कोणीही, कधीही बदलू शकतो आणि त्याचा मागही राहत नाही.

नोंदी खऱ्या राहतील की नाही, हे माणसांवर अवलंबून असते. जोखीम विभागाने सर्वांच्या वतीने नोंदवही भरायची, ही पद्धत सोयीची वाटते आणि इथेच प्रणालीचा प्राण जातो. जोखमीची मालकी तो धंदा किंवा ते काम चालवणाऱ्याकडे हवी. जोखीम विभागाने पद्धत घालून द्यावी आणि प्रश्न विचारावेत, अंतर्गत लेखापरीक्षकांनी हे सारे स्वतंत्रपणे तपासावे. अंतर्गत लेखापरीक्षकांच्या जागतिक संस्थेने २०२० मध्ये सुधारून मांडलेल्या तीन फळ्यांच्या प्रारूपाचा आशयही हाच आहे. त्याहून नाजूक बाब म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद. कारखान्यात गळती झाली पण ठिणगी पडली नाही, चुकीच्या खात्यात रक्कम गेली पण लगेच परत आली, अशा घटना प्रणालीत आल्या तर त्यांतून मोठ्या संकटाची चाहूल लागते. अशी नोंद करणाऱ्यालाच पहिला जाब विचारला गेला, तर दुसऱ्या दिवसापासून नोंदी बंद होतात. मोबाइलवरून पटकन नोंद करण्याची सोय प्रत्येक प्रणालीत मिळते. नोंद करणाऱ्याला संरक्षण मात्र व्यवस्थापनच देऊ शकते.

खरेदी करताना बहुतेक समित्या वैशिष्ट्यांची लांबलचक यादी करून विक्रेत्यांना गुण देतात. त्याऐवजी येत्या दोन वर्षांत संस्थेला घ्यावे लागणारे सात-आठ मोठे निर्णय आधी लिहून काढावेत, प्रत्येकासाठी कोणती माहिती लागेल ते ठरवावे, आणि विक्रेत्याला त्यांतल्या एकाचे प्रात्यक्षिक संस्थेच्याच माहितीवर करून दाखवायला सांगावे. सुरुवात शेकडो जोखमींनी केली तर नोंदवही पहिल्याच वर्षी कुजते. एखादा विभाग किंवा पंधरा-वीस जोखमी घेऊन आरंभ केला, तर चुका स्वस्तात कळतात. जुन्या सवयींनुसार प्रणालीत मनमानी बदल करून घेण्याचा मोहही आवरायला हवा, कारण असे बदल पुढच्या प्रत्येक अद्ययावतीकरणाच्या वेळी खर्च मागतात. भांडवली खर्चाचा प्रस्ताव, नवा करार आणि नवे उत्पादन यांच्या मंजुरीच्या पायरीवर जोखमीची नोंद अनिवार्य करणे, ही अंमलबजावणीतली सर्वांत फलदायी तरतूद ठरते. नोंदवही उघडल्याशिवाय प्रस्ताव पुढे सरकतच नाही, म्हटल्यावर ती ताजी ठेवण्याची गरज सर्वांनाच पटते.

प्रणाली स्वतःही जोखमीचा स्रोत असते, हे विसरून चालणार नाही. संस्थेच्या सगळ्या उणिवा आणि न मिटलेल्या त्रुटी एका जागी लिहिलेल्या असल्याने ती हल्लेखोरांसाठी आयता नकाशा ठरते. कोणाला काय दिसावे, याचे अधिकार काटेकोर असले पाहिजेत. एकाच विक्रेत्यावरील अवलंबित्वाचा धडा १९ जुलै २०२४ ने दिला आहे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. सुरक्षेसाठी घेतलेल्या साधनानेच काम ठप्प झाले. त्यामुळे आपत्कालीन संपर्क यादी आणि पर्यायी कार्यपद्धती प्रणालीबाहेर, कागदावरही उपलब्ध असणे आवश्यक आहे.

प्रत्येक संस्थेला मोठी प्रणाली लागत नाही. दोनशे कामगारांचा कारखाना, एखादी नागरी सहकारी बँक किंवा विश्वस्त संस्थेचे रुग्णालय यांना नीट राखलेली एक स्प्रेडशीट, ठरलेल्या मर्यादा आणि दरमहा तासाभराची बैठक बराच पल्ला गाठून देते. शाखा, देश किंवा कायदे वाढले, एकच जोखीम अनेक विभागांत वेगवेगळ्या नावांनी दिसू लागली, आणि कोणी कधी काय बदलले हे सांगता येईनासे झाले, की प्रणालीची वेळ आली असे समजावे. कार्यपद्धती आधी आणि सॉफ्टवेअर नंतर, हा क्रम मोठ्या संस्थांनाही तितकाच लागू आहे.

शेवटचा मुद्दा मूल्य मोजण्याचा. खर्चाची बाजू स्पष्ट असते : परवाना शुल्क, उभारणी, सल्लागार, प्रशिक्षण आणि नोंदी भरण्यात जाणारा कर्मचाऱ्यांचा वेळ. लाभाच्या बाजूला टळलेले नुकसान मांडण्याची पद्धत आहे, पण जे घडलेच नाही त्याची किंमत हवी तेवढी फुगवता येते. त्यापेक्षा चार प्रश्न अधिक भरवशाचे आहेत. वर्षभरात प्रत्यक्ष घडलेल्या मोठ्या घटनांपैकी किती नोंदवहीत आधीपासून होत्या? इशारा मिळाल्यापासून कृती होईपर्यंत किती दिवस गेले, आणि हा काळ मागच्या वर्षीपेक्षा कमी झाला का? मर्यादा ओलांडल्याच्या किती प्रसंगी कृती झाली आणि किती प्रसंगी मर्यादाच वाढवली गेली? आणि संचालक मंडळाचा कोणता निर्णय या माहितीमुळे बदलला, लांबला किंवा लवकर झाला? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे प्रणालीतूनच काढता येतात. चौथ्याचे उत्तर बैठकींच्या इतिवृत्तात शोधावे लागते, आणि प्रणाली ठेवायची, वाढवायची की बंद करायची, हे दरवर्षी त्या उत्तरावरूनच ठरवावे.